कच्ची, पक्की आणि कोरी

२ मार्च

साबणवाल्या एजंटाने दुकानाला फुकट डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी डाग काढायचा एक उपाय छापलाय. हे म्हणाले, "तूच घे, तेवढीच तुझ्या तोंडाला विश्रांती." घेतली. ज्या दिवशी लिहिण्यासारखं असेल त्या दिवशी लिहीन, उगाच रोजचं रडगाणं नको.

आज आहे लिहिण्यासारखं. आज मी एक फोटो काढला.

आमची लाँड्री. पुढे काउंटर, मागे मशीनं, त्याच्या मागे इस्त्रीची खोली. माणसं तीन. हे, म्हणजे माझा नवरा, गाडीतून कपडे आणतात आणि पोचवतात. मी. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. तोंडावर मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. मोठे दीर गेल्यापासून दुकान खरं त्यांच्याच जिवावर चाललंय, हे मी डायरीत लिहिते, त्यांना सांगणार नाही. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, नोकरीच्या गावी असतो. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना इकडे पाठवून दिला. गेला महिनाभर तो माझ्या गळ्यात आहे.

दुपारी हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालत होतो. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतातच. दोघी दोन टोकांना, हातात दोन-दोन कोपरे. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, कोपरे हातात द्यायचे, पुन्हा मागे सरायचं. बोलतसुद्धा नाही आम्ही त्या वेळी. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, प्रेसची वाफ खोलीत तरंगत होती, आणि जाऊबाई त्या वाफेत अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या नव्हत्या. मला काय झालं कोण जाणे. एक कोपरा दातात धरला, दुसरा काखेत दाबला आणि मोकळ्या हाताने बटण दाबलं. माझं ते ध्यान बघून जाऊबाई जे हसल्या! त्यांचा पुढचा एक दात वाकडा आहे, म्हणून हसताना त्यांचा हात आपोआप तोंडावर जातो. पण आज दोन्ही हातांत चादर. सोडली तर जमिनीवर, म्हणजे पुन्हा धुवा. त्यामुळे हसू उघडंच राहिलं.

फोटोत चादर खालून निघते आणि लांब जात जात त्यांच्या हातांपर्यंत पोचते. पुतण्याला फोनवरून पाठवला. त्याचं उत्तर आलं, "काकू, आईला दात आहेत हे आज कळलं."

एक राहिलं. गेल्या आठवड्यात जाऊबाई म्हणाल्या, "सूनबाईच्या बाळंतपणाची तारीख एप्रिलच्या मध्यावर आहे. दहाला मी जाते." मी विचारलं, परत कधी? म्हणाल्या, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळतो. जाऊ म्हणजे जाणारच, नावातच आहे. मला काही वाटलं नाही. उलट मोकळं वाटेल. कॉलरवरून ओरडायला कोणी राहणार नाही.

५ मार्च

समोरच्या पासपोर्ट फोटोवाल्याला सगळी गल्ली 'हसू-नका' म्हणते. दिवसभर तेच ओरडत असतो. स्वतःही हसत नाही, न जाणो सवय लागली तर! त्याचा कोट द्यायला गेले आणि कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, हा स्पर्धेला पाठवा."

वाचनालयाची स्पर्धा आहे. विषय 'कामाचे हात'. पंचवीस मार्चपर्यंत फाईल पाठवायची. निवडलेले फोटो मोठे छापून वाचनालयाच्या हॉलमध्ये लावणार, सव्वीस एप्रिलला उद्घाटन, आणि ज्याचा फोटो काढलाय त्या माणसालाही सोबत आणायचं. असं स्पष्ट लिहिलंय, मी दोनदा वाचलं. माणूस सोबत हवा.

सव्वीस एप्रिल. दहा एप्रिलनंतर येतो. तसा काही संबंध नाही, आपलं लिहून ठेवलं.

हसू-नकाने कार्ड त्याच्या कॉम्प्युटरमध्ये घातलं. म्हणाला, "तुमचा कॅमेरा एका फोटोच्या दोन फायली काढतो. एक कच्ची, एक पक्की. रॉ म्हणजे कच्ची, जेपेग म्हणजे पक्की. स्पर्धेला पक्की पाठवायची." कच्ची उघडून दाखवली. ईऽऽ! मळकट, निस्तेज, जाऊबाईंच्या तोंडावर कळाच नाही. पक्की कशी टवटवीत. मी म्हटलं, बरं झालं, कॅमेऱ्यालाही आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची शिस्त आहे. तेवढ्यात त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं, आणि तो "मान सरळ, हसू नका" करत आत गेला.

८ मार्च

कार्ड भरलं. कॅमेरा नुसता टुकटुक करतो, फोटो घेत नाही. बघते तर कच्च्या फायलींनीच सगळी जागा खाल्लेली, एकेक फाईल गाठोड्याएवढी. आमच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर तर त्या उघडतही नाहीत, करडा चौकोन दिसतो फक्त. पक्क्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या आणि कच्च्या पुसून टाकल्या. शाळेत पक्क्या वहीत उतरवलं की कच्च्याचे कागद आई चूल पेटवायला घ्यायची, तसं. कार्ड रिकामं झाल्यावर फार बरं वाटलं. मला आवरलं की नेहमीच बरं वाटतं.

आजच्या पानाचा उपाय: शाईच्या डागावर लगेच दूध. 'लगेच' खाली रेघ आहे.

११ मार्च

दुपारी गिऱ्हाईक नसतं. मशीनं घुर्र घुर्र करत असतात, त्या आवाजाने डोळे जड होतात. मी बिलाच्या कॉम्प्युटरवर फोटो उघडते. आज लक्षात आलं, चादर पिवळट दिसतेय. आमच्या दुकानची चादर आणि पिवळट! हॉलमध्ये शंभर लोक बघतील आणि म्हणतील, यांच्याकडे कपडे टाकायला नकोत. एक पट्टी आहे, ती सरकवली की निळसर होतं. अगदी बोटाच्या टोकाएवढी नीळ दिली. सेव्ह केलं.

मग तशीच बघत बसले. त्या चादरीकडे बघता बघता असं वाटायला लागतं की आपण तिच्यावरून चालत निघालोय. पायाखाली गार, मऊ. पुढे वाफ. वाफेत जाऊबाई हात पसरून उभ्या. आपण कोपरे द्यायला चाललोय, आणि चादर काही संपत नाही. जाऊबाईंनीच हाक मारली, "धाकटे, बारा शर्ट वाळून कडक झाले, झोपलीस काय?" झोपले नव्हते. झोपले असले तरी डोळे उघडे होते.

१४ मार्च

त्या दिवशीची नीळ जास्त झाली असं वाटलं म्हणून आज थोडी काढली. सेव्ह. मग कमी वाटली म्हणून परत दिली. सेव्ह. पांढऱ्याचं हे असंच असतं, नजर ठरत नाही. खिडकीजवळचा एक डागही पुसला.

जाऊबाईंनी मला आज स्टीम प्रेसचा वॉल्व्ह कसा साफ करायचा ते दाखवलं. मी म्हटलं, मला येतं. त्या म्हणाल्या, "येतं तर करून दाखव." आलं नाही. म्हणजे इतकी वर्षं त्याच करत होत्या, मला कधी हात लावू दिला नाही, त्याला मी काय करू? मग साबणाच्या एजंटाशी किती घासाघीस करायची, ते सांगत बसल्या. नुसतं सांगत सुटल्यात हल्ली. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारी बाई.

१७ मार्च

आज जाऊबाईंचा चेहरा मोठा करून पाहिला. डोळ्यांच्या कडेला किती सुरकुत्या! मोठ्या हॉलमध्ये एवढा चेहरा लावणार, बाईमाणसाचा मान राहायला नको? एक ब्रश असतो, तो फिरवला की सुरकुती जाते. इस्त्रीच की. मी हलक्या हाताने फिरवला. मग हसल्यामुळे गालावर चुणी पडली होती, तिच्यावरूनही एकदा. मग तो दात. दाताशी हात थांबला. दात तसाच ठेवला, त्याच्याभोवतीचंच जरा नीट केलं. सेव्ह.

हॉलमध्ये त्या माझ्या शेजारी उभ्या राहतील, तेव्हा काय घालतील, याचा विचार करत होते. राखाडी कोट बरा दिसेल. त्याचं अस्तर मी बदलून देईन. पुतण्याला सांगता येईल, तुझी आई सव्वीसपर्यंत अडकलीय, काय करणार, फोटोतलं माणूस हवंच असं छापलंय. आणि सव्वीसपर्यंत राहिल्या तर मग पुढचंही बघता येईल. तिकडे सूनबाईची आई आहेच की.

मघाशी इस्त्रीच्या खोलीत ठोकाठोक ऐकली. जाऊन बघते तर जाऊबाई भिंतीत खिळे ठोकतायत. दोन खिळे, त्यांना दोन मोठे चिमटे, हातभर अंतरावर. मी म्हटलं, "हे काय? गेल्याच वर्षी रंग दिलाय भिंतीला!" म्हणाल्या, "असू दे." आता त्या चिमट्यांवर कोण काय वाळवणार आहे, ती जागा वाळत घालायची आहे का? विचारलं तर पुन्हा तेच, असू दे. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी बाई.

२३ मार्च



फोटो पेनड्राइव्हवर घेऊन हसू-नकाकडे गेले. म्हटलं, आता पाठवून द्या, आणि अर्जात विचारलंय जेपेग की टिफ, त्यातलं काय ते तुम्हीच भरा. त्याने पडद्यावर मोठा केला. भुवया वर. म्हणाला, "बाई, हे काय केलंत?"

मीही पाहिलं. आमच्या बिलाच्या कॉम्प्युटरचा पडदा केवढासा, त्यावर मला कधी दिसलंच नव्हतं. वाफेत चौकोन चौकोन पडलेले, फरशी बसवल्यासारखे. चादरीच्या कडा कुरतडलेल्या. जाऊबाईंचा गाल म्हणजे मेणाचा गोळा, त्यावर निळे ठिपके.

"किती वेळा सेव्ह केलीत?"

"रोजच. कधी दोनदा. आवरून ठेवायला नको?"

तो डोकं धरून स्टुलावर बसला. म्हणाला, "अहो, जेपेग आहे ती! प्रत्येक वेळी बदलून सेव्ह केली की ती थोडं थोडं टाकून देते. आकार लहान ठेवायचा म्हणून बारीकसारीक फेकत जाते. एकदा फेकलं की गेलं. टिफ केली असतीत तर असं झालं नसतं, ती जड असते पण काही सांडत नाही."

"म्हणजे धुण्यासारखं," मी म्हटलं. "दर धुण्याला रंग थोडा जातो."

"अगदी तसंच."

कर्म माझं! तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतेय, सारखं धुऊ नका, कापड मरतं. आणि जाऊबाईंना मी रोज दुपारी धुतलं, नीळ दिली, इस्त्री केली.

हसू-नका म्हणाला, "घाबरू नका. कच्ची आहे ना? ती आणा. तिच्यातून हवी तेवढ्या वेळा नवी पक्की काढता येते. तिला काही होत नाही. आणि निवड झाली तर पुरावा म्हणून ते कच्चीच मागतात."

मी सांगितलं, कच्ची पुसली.

"पुसली? का?"

"पक्की झाल्यावर कच्ची कोण ठेवतं? तुम्हीच म्हणालात, कच्ची! कच्ची म्हणजे टाकायची. कच्ची वही, कच्चा हिशोब, कच्चं लिखाण, काय ठेवतो आपण त्यातलं?"

"बाई, कच्ची म्हणजे कॅमेऱ्याने जसं पाहिलं तसं. हात न लावलेलं. पाणी न लागलेलं."

"मग कोरी म्हणा ना!" मी एवढी ओरडले की बाकावरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. "कोरी म्हणाला असतात तर जन्मात पुसली नसती! कोरं कापड कोणी टाकतं का?"

हसू-नकाने गिऱ्हाइकाला खूण करून परत बसवलं. मग हळूच म्हणाला, "हो. कोरी म्हणायला हवं होतं." त्याचा तरी काय दोष, पण मला त्या वेळी कोणाला तरी दोष द्यायचाच होता.

कार्डातून परत मिळते का, त्याने खटपट करून पाहिलं. पण त्यानंतर मी मांजर, गाडी, ह्यांचं टक्कल, असलं काहीबाही काढून कार्ड परत भरून टाकलं होतं. त्याच्याखाली ती गाडली गेली. बैल गेला आणि झोपा केला.

आजच्या पानाचा उपाय वाचला नाही.

२४ मार्च

जाऊबाईंनी विचारलं, तोंड का पाडलंय? मी नाही नाही म्हणत पडद्यावर तो फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी नीट पाहिला. म्हणाल्या, "ही कोण? माझ्यासारखी दिसते, पण इस्त्री केलेली आहे."

मग मला पुतण्याला पाठवलेला आठवला. फोनवर होता, पहिल्या दिवशीचा, नीळ न लागलेला. फोनने पाठवताना आवळून एवढासा केलेला, पण सगळं जिथल्या तिथे. वाफ, चुणी, दात. जाऊबाईंनी फोन हातात घेतला आणि हसल्या. हात गेलाच तोंडावर.

"हा बरा आहे की. हा पाठव."

"हा लहान पडतो. त्यांना मोठा हवाय, भिंतीवर लावायला. लहान फाईल ओढून मोठी केली की विरते."

"मग नको पाठवू. एवढं काय त्यात?"

मला राहवलंच नाही. सगळं बाहेर पडलं. सव्वीस तारीख, हॉल, फोटोतलं माणूस सोबत हवं ते, राखाडी कोटाचं अस्तर. म्हटलं, "निवडला असता तर तुम्हाला थांबावं लागलं असतं."

मशीनं थांबलेली होती. एखादी पाण्याची धार तेवढी कुठेतरी वाजत होती. जाऊबाई माझ्याजवळ बाकावर बसल्या. म्हणाल्या, "अगं वेडे, थांब म्हणायचं तर तोंडाने म्हणायचं. फोटोला कशाला कामाला लावलंस?"

"थांबा."

"नाही गं. मला जायचंय." मग म्हणाल्या, "माझा मुलगा झाला तेव्हा दुकान नवं होतं. मी त्याला टोपलीत ठेवून इस्त्री करायची. कडेवर घ्यायला हात मोकळा नसायचा. आता नातवंडाला तरी दोन्ही हातांनी घ्यावं म्हणते."

रडले थोडी. त्यांनी मला गिऱ्हाइकाचा टॉवेल दिला डोळे पुसायला, मग त्यांनाच लक्षात आलं आणि तो परत धुवायला टाकला.

२५ मार्च

शेवटचा दिवस म्हणून एकदा प्रयत्न केला. तीच खिडकी, तीच चादर, तेवढीच वाफ. मी कोपरा दातात धरला. जाऊबाई ताठ उभ्या, पासपोर्ट काढायला आल्यासारख्या. म्हटलं, हसा ना! म्हणाल्या, "हसतेय की." नव्हत्या. मग मीच म्हटलं, राहू दे, चादर तरी घडी करून टाकू. केली.

लहान फोटो पाठवला तरी, जिवाला चुटपुट नको म्हणून. त्यांच्या कॉम्प्युटरने लगेच परत केला, लांबी-रुंदी अपुरी. माणसाने निदान उसासा तरी टाकला असता.

१० एप्रिल

गेल्या. ह्यांनी गाडीतून पोचवलं. गाडी निघाल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तो बराच वेळ दिसत होता. मी दुकान उघडलं.

जाताना म्हणाल्या, "कॉलर आधी आतून, मग बाहेरून." तेवढंच.

१३ एप्रिल

हॉटेलच्या चादरी आल्या. ह्यांना म्हटलं, धरा जरा दोन कोपरे. ह्यांना बाहेर पोचवायचं होतं, आणि ते धरतात ते सुतळी धरल्यासारखं. गेले निघून. मी चादर घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले. ऊन होतं, वाफ होती. पलीकडे कोणी नव्हतं.

उभी राहिले तशी भिंतीकडे नजर गेली. चिमटे.

चादरीचे दोन कोपरे चिमट्यांत अडकवले. मागे सरले, ताणली, झटकली. पुढे चालत गेले, माझे कोपरे चिमट्यांतल्या कोपऱ्यांना मिळवले. घडी सरळ, कडेला कड. चिमटे बरोबर माझ्या खांद्याच्या उंचीवर आहेत, आणि मी जाऊबाईंपेक्षा वीतभर बुटकी आहे. माझं माप त्यांनी कधी घेतलं कोण जाणे. मी भिंतीच्या रंगावरून ओरडले होते त्यांच्यावर.

सगळ्या चादरी केल्या. एकीच्या वेळी भिंतीजवळ गेल्यावर चुकून म्हणाले, "घ्या वहिनी."

१९ एप्रिल

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पुतण्या फोनवर नुसता "काकू, काकू" करत होता, पुढे शब्दच नाही. ह्यांनी आजच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फुकट इस्त्री जाहीर केली. इस्त्री कोणाला करावी लागली, ते लिहायला नको.

२६ एप्रिल

हसू-नकाबरोबर वाचनालयात गेले. तो स्वतः म्हणाला, चला. फोटो छान होते, उगाच नावं कशाला ठेवा. कुंभाराचे हात, परिचारिकेचे हात, मोटारीखाली शिरलेल्या मेकॅनिकचे हात. प्रत्येक फोटोशेजारी ते ते माणूस उभं, नवे कपडे घालून, हातांचं काय करावं ते न कळून. मी सगळ्यांना भेटले. भिंतीवर एका जागी दोन फोटोंच्या मध्ये अंतर जास्त होतं. मी तिथे जरा वेळ उभी राहिले, राखाडी कोट शेजारी आहे असं धरून.

घरी येऊन फोन लावला. पुतसुनेने उचलला आणि स्पीकरवर टाकला. जाऊबाईंचा आवाज लांबून आला, "काय गं धाकटे, लागला का कोणाचा नंबर?" मी सांगितलं, मोटारीखालच्याचा लागला, आणि बक्षीस घ्यायला आला तेव्हाही तो आधी वाकूनच आला. त्यावर त्या जे हसल्या! तसंच. त्या दिवशीसारखं. मी म्हटलं, "हात काढा तोंडावरचा, नीट ऐकू येऊ दे."

"हात कुठले? दोन्ही हातांत ही बाई आहे!"

म्हणजे तिकडे, त्या क्षणी, ते हसू उघडं होतं. दात, चुणी, डोळ्यांच्या कडा, सगळं. आणि समोर एक एवढंसं पोर ते बघत होतं, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

पुतसून म्हणाली, "काकू, फोटो काढून पाठवू का? मस्त दिसतायत दोघी."

तोंडात 'पाठव' आलं होतं. पण म्हटलं, "नको गं. फोनवरून येईपर्यंत बारीक होतो."

२७ एप्रिल

दुकानाच्या दाराला पाटी लावली: चार दिवस बंद. गिऱ्हाइकांच्या आधी हेच वाचायला आले. दुकान सुरू झाल्यापासून अशी पाटी लागली नव्हती. हसू-नका पण रस्ता ओलांडून आला. त्याला वाटलं कोणी गेलं. खरं कळल्यावर हसला, शपथ, मी पाहिलं.

बॅगेत दोन झबली ठेवलीत. कोऱ्या कापडाची, अजून पाणी न लागलेली. पहिलं धुणं तिथे जाऊन मीच करीन. कॅमेरा काढून बाजूला ठेवला, मग परत घेतला, मग ठेवला.

ह्यांनी तिकीट हातात दिलं. म्हणाले, "तू? एकटी? खरंच जातेस?"

म्हटलं, "त्यांची जाऊ आहे मी. जाऊ म्हणजे जाणारच."